लोणारचं मोल कुणी, कसं मोजलं? जालन्याच्या वेशीवरून एका आकड्याचा इतिहास

या भागाचं शब्दांकन खाली देत आहोत. यात आकडे बरेच आहेत आणि ऐकताना ते निसटतात, म्हणून अनेक श्रोत्यांना ते वाचायला सोपं जाईल. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.



आज आपण एका हिशोबाचा इतिहास बघणार आहोत. वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते की अमुक अभयारण्याचं मूल्य वर्षाला इतके कोटी, तमुक व्याघ्र प्रकल्पामुळे इतक्या कोटींची उलाढाल. आपण वाचतो, "बापरे" म्हणतो आणि पान उलटतो. पण हा आकडा येतो कुठून? तळं, डोंगर, पक्षी यांना रुपयांत मोजायची कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली? आणि त्या हिशोबात तुमचा-माझा, म्हणजे जालना जिल्ह्यातल्या माणसाचा, वाटा कुठे दिसतो?

जालना म्हटलं की काय आठवतं? मोसंबी, बियाणं, लोखंडाच्या सळया, राजूरचा गणपती आणि समर्थांचं जांब. अभयारण्यासाठी जालन्याचं नाव कुणी घेत नाही. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आपली गणना होते. पण आपल्या दोन बाजूंना दोन संरक्षित क्षेत्रं आहेत. पूर्वेला, मंठ्याहून तीसेक किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. पश्चिमेला पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी पक्षी अभयारण्य. जालना या दोघांच्या मधला जिल्हा. लोणारला जाणारे कितीतरी लोक जालना स्टेशनवर उतरतात, सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी थांबतात आणि पुढे जातात. म्हणून आज हिशोब लोणारचा करू आणि शेवटी नाथसागरावर येऊ.

पहिला हिशोब: काढून काय नेता येईल?

लोणारचं मोल मोजायची सुरुवात पर्यटनापासून झाली नाही. ती क्षारापासून झाली.

तळ्याचं पाणी खारं आणि सोडायुक्त. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठाला क्षाराचे थर उरतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचं वर्णन केलं, त्यात लोणारची नोंद आहे. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यावरच्या करातून सरकारला चांगलं उत्पन्न होतं, असा त्याचा आशय. म्हणजे लोणारच्या "आर्थिक मूल्या"ची जी जुनी नोंद आपल्याला सापडते, ती महसुलाची आहे.

पुढे 1823 मध्ये अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी इथे आला आणि युरोपीय अभ्यासकांना या तळ्याची ओळख झाली. हे विवर ज्वालामुखीचं की आणखी कशाचं, यावर दीडशे वर्षं वाद चालला. या काळातही सरकारी नजर सोड्यावर होतीच. 1912 मध्ये ला टूश आणि ख्रिस्ती यांचा लोणारच्या भूगर्भशास्त्रावरचा लेख आला, आणि त्याला जोडून लोणारच्या सोडा-साठ्यावर एक टिपण होतं. साठा किती, काढणं परवडेल का, हा त्यामागचा व्यवहारी प्रश्न.

वाद मिटला 1973 मध्ये. फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की हे बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं विवर आहे. 1979 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवारसा स्मारक ठरवलं. 2000 साली ते वन्यजीव अभयारण्य झालं. नोव्हेंबर 2020 मध्ये रामसर यादीत गेलं. महाराष्ट्रातली ती दुसरी रामसर जागा. पहिली नांदूर मध्यमेश्वर, त्याच वर्षी जानेवारीत. आणि मधे जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं, ते तर तुम्हा सगळ्यांना आठवत असेल.

आता गंमत बघा. अभयारण्य झालं म्हणजे तिथून काही काढून न्यायची सोय संपली. क्षार विकायचा नाही, लाकूड तोडायचं नाही. मग "याचा उपयोग काय?" या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? विकली न जाणारी वस्तू मोजायची कशी? हा प्रश्न लोणारच्या बराच आधी, सातासमुद्रापार एका माणसाला विचारला गेला होता.

दुसरा हिशोब: येणाऱ्याने किती खर्च केला?

अमेरिकेत 1936 साली पूरनियंत्रणाचा कायदा झाला. सरकारी धरणाचे फायदे त्याच्या खर्चाहून जास्त असले पाहिजेत, असं त्यात तत्त्व होतं, मग ते फायदे कुणालाही मिळोत. तिथून धरणांच्या जमाखर्चाचे तक्ते सुरू झाले. वीज इतकी, सिंचन इतकं, पुरापासून बचाव इतका. या तक्त्यात राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याची पंचाईत झाली. दरीत धरण होऊ घातलं आणि ती दरी बघायला लोक येत असले, तर त्या बघण्याची किंमत तक्त्यात कुठल्या ओळीत लिहायची? तिकीट तर नाममात्र. ओळ कोरी राहिली की ती शून्य धरली जाणार.

म्हणून खात्याने अर्थतज्ज्ञांना पत्रं पाठवून मत विचारलं. त्यात हॅरॉल्ड होटेलिंग होते. 1931 मध्ये खाणीतून काढून संपणाऱ्या साठ्यांच्या किमतीवर गाजलेला लेख लिहिणारे तेच. जून 1947 मध्ये त्यांनी उत्तर पाठवलं. पत्र छोटं, पण त्यातली कल्पना आजपर्यंत चालली आहे.

कल्पना अशी. उद्यानाभोवती वर्तुळं काढा. प्रत्येक वर्तुळातून तिथवर यायला साधारण सारखाच खर्च येतो. कुठल्या वर्तुळातून किती लोक येतात ते मोजा. लांबून येणाऱ्याला खर्च जास्त, म्हणून तिथून येणारे कमी. आता जवळचा माणूस बघा. तो थोडक्या पैशात येतो. पण लांबचा माणूस त्याच गोष्टीसाठी जास्त पैसे मोजून येतोच आहे, म्हणजे त्या गोष्टीची तेवढी किंमत आहे. जवळच्याने मोजलेले पैसे आणि तो मोजायला तयार झाला असता ते पैसे, यांतला फरक हा त्याचा निव्वळ लाभ. बारावीला अर्थशास्त्र असेल तर "उपभोक्त्याचे संतोषाधिक्य" आठवत असेल, मार्शलचं. तेच हे.

त्या वेळी खात्याने ही कल्पना उचलली नाही. 1959 मध्ये मॅरियन क्लॉसन यांनी खऱ्या उद्यानांच्या आकडेवारीवर ती चालवून दाखवली आणि 1966 मध्ये नेश यांच्यासोबत त्यावर पुस्तक लिहिलं. तिथून "प्रवासखर्च पद्धत" जगभर पसरली.

लोणारवर करून बघू

हे हवेत राहायला नको, म्हणून एक उदाहरण. यातले आकडे निव्वळ समजण्यासाठी धरलेले आहेत, सर्वेक्षणाचे नाहीत.

समजा लोणारला यायचा माणशी खर्च मंठ्याहून 100 रुपये, जालन्याहून 300, छत्रपती संभाजीनगरहून 600 आणि मुंबईहून 2,500. आणि समजा दर हजार वस्तीमागे वर्षाला भेटी होतात मंठ्याहून 200, जालन्याहून 80, संभाजीनगरहून 30 आणि मुंबईहून 1.

आता मंठ्याच्या माणसावर 200 रुपयांचं तिकीट लावलं तर? त्याचा खर्च जालनेकराइतका, म्हणजे 300 होतो. मग तो जालनेकरासारखा वागेल असं धरू. 200 भेटींच्या 80 होतील. याचा अर्थ, या 80 भेटींसाठी मंठेकर किमान 200 रुपये जास्त द्यायला तयार होता. तिकीट 500 केलं तर 30 उरतील, 2,400 केलं तर 1. हे सगळं जोडा. 80 भेटींवर प्रत्येकी 200 म्हणजे 16,000. त्यातल्या 30 भेटींवर आणखी 300 प्रमाणे 9,000. शेवटच्या एका भेटीवर आणखी 1,900. बेरीज 26,900 रुपये. हा मंठ्याच्या हजार लोकांचा किमान निव्वळ लाभ. त्यांनी प्रत्यक्ष खर्च केले 200 गुणिले 100, म्हणजे 20,000.

जालन्याच्या हजारांचं असंच काढलं तर खर्च 24,000 आणि लाभ किमान 10,900 येतो. आणि मुंबईच्या हजारांचा? खर्च 2,500 आणि निव्वळ लाभ जवळजवळ शून्य, कारण आपल्या उदाहरणात ते शेवटच्या वर्तुळात आहेत. जेवढं मोल, तेवढं मोजून ते आलेत.

इथे जरा थांबा, कारण आजच्या भागाचं सार इथे आहे. आपल्या हातात दोन वेगळे आकडे आले. एक खर्चाचा, एक लाभाचा. दरडोई भेटीमागे खर्च बघाल तर मुंबईचा पाहुणा पहिल्या नंबरावर, 2,500 रुपये. मंठेकर शेवटी, 100 रुपये. लाभ बघाल तर मुंबईचा पाहुणा शेवटी जातो. मंठेकराला दर भेटीमागे सुमारे 134 रुपयांचा लाभ, मुंबईकराला काहीच नाही.

आणि बातम्यांमध्ये, आराखड्यांमध्ये हे दोन आकडे सर्रास एकमेकांत मिसळले जातात. "पर्यटनाचं मूल्य" म्हणून सहसा खर्च सांगितला जातो: हॉटेलांच्या खोल्या, गाड्यांचं भाडं, जेवणाचं बिल. हा खर्च महत्त्वाचा आहेच, त्यावर कुणाचा तरी धंदा चालतो. पण त्या मापात नवरात्रात कमळजादेवीच्या दर्शनाला डबा बांधून विवरात उतरणारं कुटुंब जवळपास दिसतच नाही. गोमुखाच्या धारेखाली अंघोळ करून संध्याकाळच्या एस.टी.ने परतणारी म्हातारी दिसत नाही. होटेलिंगच्या पत्रात मात्र सर्वांत जास्त फायदा त्यांनाच होतो.

जगाचा आकडा आणि आपला

हा फरक पाळणारे अभ्यास आहेत. 2015 मध्ये बाल्मफर्ड आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या जमिनीवरच्या संरक्षित क्षेत्रांचा अंदाज मांडला. वर्षाला सुमारे 8 अब्ज भेटी. पर्यटकांचा थेट खर्च सुमारे 600 अब्ज डॉलर. त्याहून वेगळा मोजलेला निव्वळ लाभ सुमारे 250 अब्ज डॉलर. आणि ही क्षेत्रं राखायला जग खर्च करतं ते 10 अब्ज डॉलरहूनही कमी. तिन्ही आकडे त्यांनी वेगवेगळे ठेवले, म्हणून त्यातून काही बोध होतो.

आपल्या महाराष्ट्रात एक जुना आणि सुंदर प्रयत्न झाला, मुंबईत. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, आजचं संजय गांधी उद्यान. 1997 मध्ये हडकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रवासखर्च न मोजता मुंबईकरांना सरळ विचारलं की हे उद्यान टिकावं म्हणून तुमचं घर महिन्याला किती रुपये देईल? सरासरी उत्तर आलं साडेसात रुपये महिना, पाच वर्षं. अख्ख्या शहराचा हिशोब केला तर महिन्याला 2 कोटी 6 लाख, वर्षाला 24 कोटी 80 लाख आणि पाच वर्षांचं त्या वेळचं मूल्य 103 कोटी रुपये.

विचारण्याच्या पद्धतीचा एक गुण असा की उद्यानात कधीच न गेलेल्याचंही मत मोजलं जातं. तो म्हणू शकतो, "मी जात नाही, पण ते असू दे." दोष असा की उत्तर रुपयांत द्यायचं असतं आणि खिसे सारखे नसतात. झोपडीतल्या बाईने दोन रुपये म्हटलं आणि इमारतीतल्या साहेबांनी पन्नास, तर साहेबांचं प्रेम पंचवीस पट ठरतं का? प्रवासखर्च पद्धतीतही हाच खोट आहे, जरा लपलेला. तिथे प्रवासात गेलेला वेळसुद्धा खर्चात धरतात आणि वेळेची किंमत मजुरीच्या हिशोबाने लावतात. म्हणजे अंबडच्या शेतमजुराचा दिवस स्वस्त आणि इंजिनिअरचा महाग. मजुराने बुडवलेला रोज त्याच्या घरात किती मोठा असतो, ते या गणितात येत नाही.

दुसरी अडचण आपल्या भागात फारच ठळक आहे. माणूस नुसता लोणारला येत नाही. शेगाव, सिंदखेडराजा, लोणार, जमलं तर वेरूळ, अशी एकच सहल असते. मग त्या 2,500 रुपयांतले लोणारचे किती? गजानन महाराजांचे किती? जिजाऊंचे किती? सगळे लोणारच्या नावावर लावले तर आकडा फुगतो. तीन-चार ठिकाणी सारखे वाटले तर तेही खरं नाही. अभ्यासक पाहुण्यालाच विचारतात की लोणार नसतं तर आला असता का, आणि त्यावरून वाटणी करतात. अंदाज तो अंदाजच. कमळजेच्या यात्रेचं काय करायचं हा आणखी अवघड प्रश्न. ती भक्ती की निसर्गपर्यटन? आपल्याकडे ही दोन खाती कधी वेगळी नव्हती.

आणि पैसा जातो कुठे? भारतातल्या 10 संरक्षित क्षेत्रांवर कृती कारंथ आणि रूथ डीफ्रीस यांचा 2011 चा अभ्यास आहे. पर्यटक वर्षाला सरासरी 15 टक्क्यांनी वाढत होते आणि त्यातले बहुतेक भारतीयच होते. पण शेजारच्या गावांतल्या लोकसंख्येच्या तुलनेत पर्यटनातून रोजगार मिळालेले लोक अगदी नगण्य निघाले. उलाढाल मोठी म्हणून आजूबाजूचं गाव सुधारलं, असं आपोआप होत नाही. लोणारला येणाऱ्याचे पैसे रेल्वेत, पेट्रोलपंपावर आणि मोठ्या शहरातल्या हॉटेलात बरेचसे संपलेले असतात.

आता नाथसागर

पश्चिमेकडे वळू. जायकवाडी धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि उद्घाटन 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते. शंभराहून जास्त गावं पाण्याखाली गेली. मागे जो उथळ, पसरट जलाशय तयार झाला त्यावर पक्षी उतरू लागले आणि 1986 मध्ये सुमारे 341 चौरस किलोमीटरचं पक्षी अभयारण्य जाहीर झालं. अमेरिकेत धरणाविरुद्ध उद्यानाची बाजू मांडायला जो हिशोब निघाला, तो इथे लावायचा तर अभयारण्यच धरणाने जन्माला घातलेलं.

हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला लोक येतात. त्यांचा प्रवासखर्च मोजा, एक आकडा येईल. पण जालन्यासाठी नाथसागर म्हणजे आधी नळ. शहराचं पिण्याचं पाणी पैठणहून येतं. डावा कालवा 208 किलोमीटरचा, अंबड, घनसावंगी, परतूरच्या शेतांना पाणी देतो. 2012-13 चा दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांना निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव कोरडा पडलेला आठवेल. त्या वर्षी पाण्याची किंमत टँकरच्या दराने कळली होती.

पर्यटन हा एकूण मोलाचा एक भाग असतो, हे वाघांच्या अभ्यासातही दिसलं. 2015 मध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या मधू वर्मा आणि सहकाऱ्यांनी सहा व्याघ्र प्रकल्पांचं मूल्य काढलं. कॉर्बेटचं वर्षाला 1,470 कोटी आलं. त्यात जनुकसाठा जपण्याचे 1,065 कोटी आणि उत्तर प्रदेशाच्या खालच्या जिल्ह्यांना मिळणाऱ्या पाण्याचे 161 कोटी. सफारीची जीप डोळ्यांत भरते, हिशोबात पाणी आणि बीज भारी पडतं. 2019 च्या दुसऱ्या टप्प्यात आपला मेळघाटही होता.

म्हणून जायकवाडीचं "पर्यटनमूल्य" एकटं काढून ठेवलं तर धोका आहे. आकडा लहान आला की कुणी म्हणेल, एवढ्याशा उत्पन्नासाठी अभयारण्य कशाला? जलाशयावरच्या तरंगत्या सौरप्रकल्पाचा वाद 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विजेचे आकडे तयार असतात, मेगावॅटमध्ये आणि कोटींत. मच्छीमाराच्या जाळ्याचे, पक्ष्यांचे आणि बघणाऱ्यांचे आकडे तयार नसतात. 1947 मधली ती कोरी ओळ आपल्याकडे अजून बरीचशी कोरीच आहे, आणि कोरी ओळ शून्य धरायची सवयही तीच आहे.

मग आपण काय करायचं?

पुढच्या वेळी "अमुक अभयारण्याचं मूल्य इतके कोटी" असं वाचलं की तीन प्रश्न विचारा. हा खर्च आहे की लाभ? यात जवळचा माणूस मोजलाय का? आणि यातले किती पैसे त्या तालुक्यात राहतात?

हे प्रश्न पुस्तकी नाहीत. खर्चाचा आकडा धरून आराखडा केला तर आधी वाहनतळ, रिसॉर्ट आणि चढं तिकीट सुचतं. आपल्या उदाहरणात 200 रुपयांच्या तिकिटाने मंठ्याच्या 200 भेटींतल्या 120 गेल्या, मुंबईची एखादीच कमी झाली असती. गल्ला वाढला असता आणि तळ्याचा खरा उपभोग घेणारे कमी झाले असते. लाभाचा आकडा धरला तर वेगळ्या गोष्टी सुचतात. मंठा-लोणार एस.टी.च्या फेऱ्या, विवराच्या काठावर पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, गावातलं सांडपाणी तळ्यात जाणार नाही याची व्यवस्था. त्यात उद्घाटनाच्या फिती कमी कापल्या जातील, एवढंच.

ऐन-ए-अकबरीच्या काळी लोणारचं मोल करात मोजलं, 1912 मध्ये सोड्यात, आज खोलीभाड्यात. प्रत्येक वेळी मोजणाऱ्याला जे हवं होतं, तेच मापात बसलं. मापात आपणही बसावं असं वाटत असेल, तर हिशोब कसा होतो हे आपल्याला माहीत हवं. आजचा भाग त्यासाठी.

तुमच्या घरातलं कुणी यात्रेला विवरात उतरलं असेल, किंवा नाथसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावचं असेल, तर त्यांच्या आठवणी आम्हाला लिहून पाठवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.